पोर्चवरची रिकामी बंदूक

६ नोव्हेंबर १९८३

आज आजोबांची ठासणीची बंदूक भिंतीवरून उतरवली. माझी बायको मेबल गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता. नळी खिडकीकडे धरून आत पाहिलं. गोळीला फिरकी देणारे आतले आटे पार झिजलेत. परसात दोन बार काढून पाहिले. एक गोळी खोक्याला लागली, दुसरी कुठे गेली ते देवालाच माहीत. व्हर्न कुंपणापाशी उभा होता. म्हणाला, "हार्लन, हिच्यापुढे हरणाने निवांत राहावं. हरणाच्या शेजाऱ्याने मात्र पळावं."

व्हर्न माझा चुलतभाऊ. चाळीस वर्षं एका चुलीवरची कॉफी पितोय, त्यामुळे त्याला काहीही बोलायची मुभा आहे.

ही बंदूक मला माझ्यासाठी नकोय. माझी मुलगी डार्ला नवऱ्याला, एमिलला, घेऊन आलीय. पिट्सबर्गचे पोलादाचे कारखाने बंद पडले, कामगार पांगले, आणि एमिलच्या न्हाव्याच्या दुकानात खुर्च्या रिकाम्या राहायला लागल्या. इथला आमचा न्हावी वसंतात वारला, त्याचं दुकान आरसे-खुर्च्यांसकट तसंच पडलंय. एमिलने ते घेतलं तर डार्ला इथे राहील. तिला पाचवा महिना आहे. फेब्रुवारीपर्यंत ठरवू म्हणतात.

इथे राहायला हरीण मारता आलं पाहिजे असा काही कायदा नाही. पण ज्याने कधी हरीण मारलं नाही त्याच्या खुर्चीत बसून इथला माणूस बोलणार काय? नाताळनंतर अशा गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या बंदुकांचा शिकारीचा मोसम लागतो. तोवर ही इतकी नेमकी करतो की एमिलच्या हातूनसुद्धा चुकणार नाही.

९ नोव्हेंबर

क्लीटस येस्टकडे बंदूक देऊन आलो. या डोंगरात नळीचे आटे नव्याने कापणारा तो एकटाच उरलाय. त्याने नळीला बोटाने टिचक्या मारल्या, कान लावला आणि तोंड वाकडं केलं.

"आटे कापीन. सरळ मारेल. पण लोखंड खरवडलं की नळी पातळ होणार, आणि हे लोखंड जुनं आहे. साठ ग्रेन वजनाच्या वर दारू घालू नकोस."

"बरं."

"भोक मोठं होणार, म्हणजे गोळी मोठी लागेल आणि ठासायचा गजही नवा लागेल. गजावर खूण कर. बार भरलेला असला की गज कुठवर जातो, नसला की कुठवर."

"क्लीटस, तू मला बंदूक भरायला शिकवणार का आता?"

तो पावती लिहायला लागला. म्हातारे लोक उगाच घाबरवतात. (मीही चौसष्टचा आहे, पण तो ऐंशीचा.)

२० नोव्हेंबर

बंदूक आली. मेबलच्या जुन्या उशीच्या अभ्र्याच्या चिंध्या कापल्या, त्यांना चरबी आणि मेण चोळलं. या बंदुकीचं सगळं शहाणपण चिंधीत आहे. दारूवर चिंधीत गुंडाळलेली गोळी ठासायची, बार झाला की पुढे पडलेली चिंधी उचलून वाचायची. कडा जळली तर चिंधी पातळ, फाटली तर गोळी जास्त घट्ट, आणि मध्ये काळा गोल व कडा शाबूत असेल तर जमलं.

चिंध्या आणायचं काम एमिलकडे. बर्फातून वाकून उचलतो आणि येता येता विचारतो. हे जळलं का? दर बारानंतर नळी का पुसायची? गारगोटीखाली कातडं कशाला? व्हर्नने त्याचं नाव 'प्रश्नपत्रिका' ठेवलं.

आज तो म्हणाला, "हार्लन, हा गज एवढा बाहेर राहिलाय, बरोबर आहे का?" गोळी अर्ध्यावर अडकली होती. खरं तर बरोबर विचारलं त्याने. पण व्हर्न एवढ्यात ओरडला, "जावईबापू, गज बाहेर राहिला तर त्यावर टॉवेल वाळत घाला!" आणि आम्ही इतके हसलो की मला खोकला आला. एमिलही हसला. कान मात्र लाल झाले होते त्याचे.

२ डिसेंबर

एमिलने स्वयंपाकघरात माझे केस कापले. मी नको म्हणत होतो, डार्लाने बसवलं. खोटं कशाला लिहू, असा हात मी पाहिला नाही. डाव्या हाताच्या दोन बोटांत केस उचलतो, कंगवा त्याच हातात फिरतो, आणि कात्री नुसती चुकचुकत जाते. वस्तरा गळ्यावर आला तेव्हा म्हणाला, "आता हलू नका." मी हललो नाही. जन्मात पहिल्यांदा मी त्याचं ऐकलं असेल.

तो दुकान बघायला गेला तेव्हा डार्ला म्हणाली, "पपा, त्याला चारचौघांत टोचू नका."

"टोचतो म्हणजे आपला मानतो. परक्याला कोण टोचतं?"

"त्याला ते कसं कळणार? हल्ली तो काही विचारतच नाही. घरी येऊन तुमचं बंदुकीचं पुस्तक चाळत बसतो."

"मग शिकला म्हणायचा," मी म्हणालो.

ती माझ्याकडे पाहत राहिली. आईसारखीच बघते.

११ डिसेंबर

साठ ग्रेनवर गोळ्या ताटाएवढ्या जागेत पडतात. सत्तरवर बशीएवढ्या. आज राहवेना, नव्वद घातले. तीन गोळ्या एकमेकींना चिकटून पडल्या! व्हर्नने टोपी काढली. धक्का जोरात बसतो आणि आवाज पूर्वीपेक्षा कडक येतो, एवढंच. क्लीटसला सांगायची गरज नाही.

गजावरची खूण राहिलीय. दारूचं माप रोज बदलतंय. रोज नवी खूण करायची तर गजाची मोजपट्टी होईल. माप पक्कं झालं की एकदाच करीन. तसंही मला हातालाच कळतं.

२६ डिसेंबर

मोसम लागला. व्हर्नच्या रानातल्या शिकारी कोठीत आम्ही पाच जण. एक खोली, एक शेगडी, बाहेर छपराचा पोर्च. बंदूक एमिलची आणि माझी मिळून एकच, आलटून पालटून. पहिला दिवस मी घेतला. ओढ्याच्या वरच्या खडकावर दिवसभर बसलो, कानाच्या पाळ्या गोठल्या, हरीण दिसलं नाही.

अंधार पडायच्या आत परतलो. व्हर्नने नेहमीसारखी पोर्चवरून हाक दिली, "रिकाम्या केल्यात का रे सगळ्यांनी?" आणि आम्ही ओरडलो, "रिकाम्या!" नळीच्या कानाशेजारच्या वाटीतली रंजक, म्हणजे ठिणगी धरणारी चिमूटभर दारू, पुसायची, घोडा उतरवायचा, त्यावर कातडी टोपी चढवायची, की बंदूक रिकामी. नळीतला बार तसाच राहतो. रोज तो काढत बसलं तर दारू आणि वेळ दोन्ही फुकट. बंदुका बाहेर पोर्चवरच टांगायच्या, उबेत आणल्या तर नळीला घाम येतो आणि दारू ओलावते. आमच्या वाडवडिलांपासून हेच चालत आलंय. वनरक्षकही वाटी पुसलेली पाहिली की पुढे जातो.

एमिल तेव्हा आत बटाटे सोलत होता. साल इतकी पातळ काढतो की व्हर्न म्हणाला, बटाट्याची दाढी केलीय.

२९ डिसेंबर

आज एमिलचा पहिला दिवस. माझा ओलावलेला बार मी काल उडवून टाकला होता, त्याने सकाळी नवा भरला. मादी समोर आली, त्याने बार काढला, आणि चुकला. गोळी तिच्या पाठीवरून गेली. कोठीच्या रिवाजाप्रमाणे आम्ही त्याच्या सदऱ्याचं मागे लोंबणारं शेपूट कापलं आणि तारीख घालून भिंतीवर ठोकलं. माझी सात शेपटं आहेत तिथे, व्हर्नची अकरा. एमिलने स्वतःच कात्री काढून दिली. म्हणाला, "निदान सरळ तरी कापा." सगळे खो खो हसले. या वेळी तोही आतून हसला.

मग त्याने बसून नळी गरम पाण्याने धुतली, तेलाचा हात फिरवला, सगळं पुस्तकात दिल्यासारखं. मी म्हटलं, "रिकामी?" तो म्हणाला, "रिकामी." आणि पोर्चवर नेऊन टांगली. एक शब्द वाढवून बोलला नाही. हळूहळू आमच्यासारखा व्हायला लागलाय.

१ जानेवारी १९८४

घरी. डार्लाने डुकराचं मांस आणि आंबवलेली कोबी केली, मेबल करायची तशीच, सफरचंद घालून. व्हर्न आला होता. कोबी वाढताना डार्ला म्हणाली, दुकानाच्या वरची खोली तिला आवडली, सकाळचं ऊन येतं, पाळणा खिडकीशी ठेवता येईल. मी मान खाली घालून खात राहिलो. डोळे भरून आले होते आणि व्हर्नला ते दिसू द्यायचं नव्हतं.

जेवणानंतर परसात एमिलने पन्नास पावलांवरच्या तीन ताटल्या फोडल्या. तिसऱ्या वेळी माझ्याकडे वळून पाहिलं. मी म्हणालो, "ताटली पळत नाही." शाबास म्हणायला हवं होतं. जीभ वळत नाही तिकडे.

६ जानेवारी

परत कोठीत. आज माझी पाळी होती. दुपार कलताना खडकाखाली नर आला, आठ टोकांची शिंगं, मान जाड, ऐटीत. घोडा चढवला, नळीच्या टोकाची माशी त्याच्या खांद्यावर धरली. आणि बार न काढता जाऊ दिलं त्याला. तो त्याच वाटेने रोज पाण्याला जातो, खुरांचे ठसे सांगतात. उद्या एमिलची पाळी आहे. त्याला मिळू दे. वसंतात दुकान उघडेल तेव्हा ती शिंगं आरशाच्या वर लावू.

हे कुणाला सांगितलं नाही. बार नळीत तसाच ठेवला, नव्वद ग्रेन आणि नवी चिंधी, माझ्या हाताने ठासलेला. एमिलने फक्त रंजक घालायची. बंदूक रिकामी करून पोर्चवर टांगली. गुडघा भोपळ्याएवढा सुजलाय. गजावर उद्या खूण करीन.

७ जानेवारी, सकाळी

बिछान्यातच लिहितोय, गुडघा दुमडत नाही. बाकीचे पुढे गेले. एमिल कपडे करून दाराशी उभा होता, आत नाही, बाहेर नाही. कधी माझ्याकडे बघे, कधी पोर्चकडे. मी म्हटलं, "जावईबापू, मुहूर्त बघताय का? घे ती. रिकामी आहे. खडकावर बस आणि खाली नजर ठेव." तो "बरं" म्हणाला.

मग पोर्चवर त्याची खुडबूड ऐकू आली. दारू ठेवायच्या शिंगाचं झाकण वाजलं. थोड्या वेळाने गजाचा आवाज, खस्‌ खस्‌, नंतर दोन ठोके. गज कशाला चालवतोय? बार नीट बसलाय का ते बघत असेल. काळजी घेतो, चांगलं आहे. आवाज द्यावा म्हटलं, पण पुन्हा कान लाल करून आत यायचा. जाऊ दे. शिकतोय.

बर्फ पडायचं थांबलंय. आता त्याच्या बाराची वाट बघायची.

९ जानेवारी

नळी फुटली. एमिलच्या डाव्या हाताच्या वर, नळीच्या कानापासून हातभर अंतरावर. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं, मधलं वाचेल की नाही अजून सांगत नाहीत. डाव्या डोळ्यावर पट्टी आहे, पण डोळा राहील म्हणतात. व्हर्नने त्याला पाठीवर घेऊन उतरवलं. मी त्या पायाने पोर्चच्या पायऱ्यांपलीकडे जाऊ शकलो नाही.

बारावर बार भरला गेला. आवाजावरूनच मला कळलं होतं.

जुनं लोखंड. क्लीटसने आटे जरा जास्तच खोल कापले असणार. आणि एमिल तरी! रिकामी म्हणजे काय ते या खोऱ्यात शेंबडं पोरही जाणतं. भरायच्या आधी बघायचं नाही का? विचारायचं नाही का?

वरची ओळ खोडणार होतो. राहू दे.

१२ जानेवारी

वनखात्याचा माणूस इस्पितळात आला. तरुण होता, पण सभ्य. आम्ही सगळे खाटेभोवती उभे होतो, डार्ला उशाशी. त्याने विचारलं, "बंदूक भरलेली आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?"

एमिल म्हणाला, "हो. हार्लनने सांगितलं होतं. मी विसरलो. चूक माझी."

त्या माणसाने लिहून घेतलं. माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. होकाराला हलवली की नुसतीच हलली, मलाही ठाऊक नाही.

बाहेर व्हर्न माझा खांदा धरून म्हणाला, "पोरगा अस्सल निघाला रे. दोन बोटं गेली तरी रडगाणं नाही, दुसऱ्यावर ढकलणं नाही. आपलाच आहे तो." त्याला काय खरं ते ठाऊक नव्हतं. डोळे पुसत होता.

१६ जानेवारी

एमिल घरी आला. दार सारखं वाजतंय. कुणी सूप आणतं, कुणी हरणाच्या मांसाचा सॉसेज. दुकानाचा मालक येऊन सांगून गेला, हात बरा होईपर्यंत भाड्याचं नाव काढू नका. ज्या लोकांनी कधी त्याचं नाव नीट घेतलं नव्हतं ते खाटेशी बसून गप्पा मारतात. डार्ला मला म्हणाली, "पपा, इथली माणसं मनाने खूप चांगली आहेत. आम्ही राहतो."

मला हवं होतं ते सगळं मिळालं. 

ती चर्चला गेली तेव्हा मी एमिलला म्हणालो, "तू खोटं का बोललास?"

"तुम्ही म्हणालात, रिकामी आहे," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "मी धुऊन ठेवतो तेव्हा रिकामी असते. तुमची वेगळी असते का?"

मी सांगितलं. वाटी पुसली की रिकामी. बार आतच असतो. त्याने पट्टीतला हात उशीवर घेतला.

"गज बाहेर राहिला होता. पुष्कळ. मला दिसलं ते."

"मग हाक का नाही मारलीस?"

"टॉवेल वाळत घालायला सांगितलं असतंत."

मी खाटेवरची चादर सारखी केली.

"खरं सांगितलं असतं तर डार्ला तुमच्याशी बोलली नसती," तो म्हणाला. "आणि मला इथं राहायचं होतं, हार्लन. खरंच राहायचं होतं."

१९ जानेवारी

तीन दिवस डार्ला खिडकीचं माप घेतेय, पडदे शिवायला. बघवत नाही. मी गप्प बसलो तर नातवंड माझ्या डोळ्यांसमोर वाढेल. एमिल कधीच काही बोलणार नाही, व्हर्नला कधीच कळणार नाही. एवढं सोपं आहे ते. आणि दर वेळी तो डाव्या हाताने कप धरायला जाईल तेव्हा मी दुसरीकडे बघायचं.

आज जेवण झाल्यावर तिला बसवलं आणि सांगितलं. नव्वद ग्रेनचं सांगितलं, न केलेल्या खुणेचं सांगितलं, रिकामी म्हणालो ते सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाला वाटलं त्याला ठाऊक असेल." माझ्यासाठी सबब शोधत होती पोरगी. मी हो म्हटलं असतं तर तिने मला सोडून दिलं असतं.

मी म्हणालो, "मला गजाचा आवाज ऐकू आला होता."

"म्हणजे?"

"तो पोर्चवर बार ठासत होता, मी आत पडून ऐकत होतो. एक हाक मारायची होती. नाही मारली."

ती उठली. माप घ्यायची फीत गुंडाळून टेबलावर ठेवली आणि एमिलच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. रडण्याचा आवाज आला असता तर बरं वाटलं असतं.

२० जानेवारी

वनखात्याच्या कचेरीत जाऊन जबाब बदलला. मग व्हर्नकडे गेलो. त्याने सगळं ऐकून घेतलं. निघताना एवढंच म्हणाला, "टॉवेलाचं मीच बोललो होतो रे."

२२ जानेवारी

ते गेले. पिट्सबर्गला एमिलच्या आईकडे. डार्लाने सामान भरलं, मला उचलू दिलं नाही. माझ्याशी कडू बोलली नाही. बोललीच नाही. पोट सांभाळत गाडीत बसली, स्टिअरिंगवर हात ठेवले आणि समोर बघत राहिली.

एमिलने खिडकीची काच उतरवली.

"हार्लन, एक विचारायचं होतं."

"विचार."

"त्या दिवशी मी दारातून विचारलं असतं, हिच्यात बार आहे का, तर तुम्ही काय केलं असतं?"

"हसलो असतो," मी म्हणालो.

"आणि मग?"

"मग सांगितलं असतं, आहे म्हणून."

त्याने मान डोलावली. पट्टीतला हात मांडीवर नीट ठेवला.

"म्हणजे नुसतं तुमचं हसणं सोसायचं होतं," तो म्हणाला. "तेवढं सोसायला हवं होतं मी."

मी म्हणणार होतो की नाही, तू नाही, मीच. तेवढ्यात डार्लाने गाडी सुरू केली. पूल ओलांडेपर्यंत मी रस्त्यात उभा राहिलो. तिने आरशातून पाहिलं असेल असं वाटतं, पण तसं म्हणणं म्हणजे मनाची समजूत झाली. मग गुडघा दुखायला लागला म्हणून आत आलो.